अमेरिकेचा सर्वात वाईट राष्ट्राध्यक्ष कोण? माझं मत अँड्र्यू जॉन्सनला

शेवंती

अमेरिकेतले इतिहासकार अधूनमधून आपल्या राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावतात. १९४८ साली थोरल्या आर्थर श्लेसिंजरांनी जाणकारांची मतं मागवून केलेली यादी फार गाजली. अलीकडे सी-स्पॅन ही वाहिनी अशी यादी करून घेते. २०२१ च्या यादीत सगळ्यात तळाला जेम्स ब्यूकॅनन होता, त्याच्या वर अँड्र्यू जॉन्सन आणि त्याच्या वर फ्रँकलिन पियर्स. तळाच्या दोघांची अदलाबदल करावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

एक विनंती आहे. हयात असलेल्यांना यात आणू नका. त्यांच्या निर्णयांचे परिणाम अजून पुरते कळायचे आहेत, शिवाय चर्चा लगेच पक्षांवर घसरते. विल्यम हेन्री हॅरिसनलाही सोडून द्या. तो महिन्याभरात वारला, त्याचा काय हिशोब मांडणार?

माझा निकष असा: हातात अधिकार असताना आणि परिस्थिती अनुकूल असताना या माणसाने कोणाचं वाटोळं केलं, आणि ते निस्तरायला किती पिढ्या खर्ची पडल्या?

लिंकनचा खून झाला आणि १५ एप्रिल १८६५ ला उपाध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली आठवड्याआधीच शरण आला होता. दक्षिण पुरती हरली होती, समोर ठेवाल ती अट तिला मान्य करावी लागली असती. सुमारे ४० लाख माणसं गुलामीतून सुटली होती. इतकी मोकळी पाटी अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला मिळालेली नाही.

त्याच जानेवारीत उत्तरेच्या जनरल शर्मनने एक हुकूम काढला होता. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची पळून गेलेल्या मळेवाल्यांची जमीन सुटलेल्या गुलामांना द्यायची, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली आणि त्यांनी पेरण्याही केल्या. जॉन्सनने मे महिन्यात बंडखोरांना माफी जाहीर केली. २०,००० डॉलरच्या वर मालमत्ता असलेल्यांनी त्याच्याकडे स्वतः अर्ज करायचा होता. असे हजारो अर्ज त्याने मंजूर केले आणि माफीसोबत जमिनीही परत दिल्या.

ही बातमी सांगायचं काम जनरल हॉवर्डवर आलं. सुटलेल्या गुलामांसाठी जे सरकारी खातं काढलं होतं त्याचा तो प्रमुख, युद्धात त्याचा उजवा हात गेलेला. ऑक्टोबर १८६५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर चर्चमध्ये लोक जमले. जमीन जुन्या मालकाला परत जाणार, तुम्ही त्याच्याशी करार करून मजुरी करा, जुनं विसरा, असं हॉवर्डने त्यांना सांगितलं. लोकांनी तीन जणांची समिती नेमली आणि त्या समितीने हॉवर्डला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: तुमचा युद्धात फक्त हात गेला, तुम्ही त्यांना कदाचित माफ कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने फोडलं, आणि आता मी त्याने ठरवलेल्या मजुरीवर त्याचं शेत कसलं नाही तर रिकाम्या खोपटातही राहू देत नाही, त्या माणसाला मला माफ करता येणार नाही.

जमीन गेली ती गेलीच. दक्षिणेच्या विधिमंडळांनी लगोलग काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीत प्रत्येक काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा हवा, नसेल तर भटका ठरवून दंड, आणि दंड भरता आला नाही तर सक्तीची मजुरी. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८६६ मध्ये नागरी हक्कांचा कायदा केला, त्यावर जॉन्सनने नकाराधिकार वापरला. तो मोडून काँग्रेसने कायदा पुन्हा मंजूर केला. मे महिन्यात मेंफिसमध्ये आणि जुलैत न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्यांच्या कत्तली झाल्या. तरीही काळ्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती स्वीकारू नका, असाच त्याचा दक्षिणेला सल्ला होता.

हा माणूस मूळचा गरीब शिंपी. बड्या मळेवाल्यांवर आयुष्यभर आग ओकला. त्याच मळेवाल्यांना तो एकेक करून माफीपत्रं देत गेला, कारण काळ्या माणसाला बरोबरीने उभं राहिलेलं पाहणं त्याला त्याहून जास्त खुपत होतं.

तुमची यादी सांगा, कारणांसकट.

निवृत्त मास्तर

शेवंतीताई, लेख आवडला, पण माझं मत ब्यूकॅननलाच. कारण विस्ताराने लिहितो, कारण तो 'दुबळा' होता म्हणून सोडून देण्याची पद्धत पडली आहे आणि ती चुकीची आहे.

४ मार्च १८५७ ला त्याने शपथ घेतली. त्या वेळी ड्रेड स्कॉट या गुलामाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालावर आला होता. भाषणात ब्यूकॅननने सांगितलं की निकाल काहीही लागो, मी सर्व चांगल्या नागरिकांप्रमाणे तो आनंदाने मानीन. निकाल काय लागणार हे त्याला आधीच ठाऊक होतं! पेनसिल्व्हेनियाचे न्यायमूर्ती ग्रियर यांना त्याने स्वतः पत्र लिहून दक्षिणेच्या न्यायमूर्तींच्या बाजूला वळवलं होतं. दोन दिवसांनी निकाल आला: काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करायचा अधिकार काँग्रेसला नाही.

त्यानंतर कॅन्सस. तिथल्या बहुसंख्य लोकांना गुलामगिरी नको होती, तरी लेकॉम्प्टनला तयार झालेली गुलामगिरीवाली राज्यघटना त्यांच्या गळ्यात मारायला त्याने कंबर कसली. खासदारांची मतं फिरवण्यासाठी नोकऱ्यांची आणि सरकारी कंत्राटांची आमिषं दाखवली गेली. पुढे काँग्रेसच्या कोव्होड समितीने ते चव्हाट्यावर आणलं. याच प्रकरणात त्याने आपल्याच पक्षाचा सिनेटर स्टीफन डग्लस याच्याशी वैर घेतलं आणि स्वतःचा पक्ष दुभंगला. दुबळा माणूस असं करत नाही. गुलाममालकांसाठी झगडताना त्याच्या अंगात हत्तीचं बळ होतं.

आणि मग १८६०. लिंकन निवडून आला, २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटलं. ब्यूकॅनन काय म्हणाला? फुटणं बेकायदा आहे, पण ते रोखायचा अधिकार केंद्र सरकारला नाही. लिंकनच्या शपथविधीपर्यंत सात राज्यं गेली होती. त्याचा अर्थमंत्री हॉवेल कॉब राजीनामा देऊन गेला तो थेट बंडखोरांच्या हंगामी काँग्रेसचा अध्यक्ष झाला. पुढच्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. हा माणूस खासदार होता, सिनेटर होता, परराष्ट्रमंत्री होता, रशियात आणि इंग्लंडात राजदूत होता. इतका अनुभव घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेलेले फार थोडे आहेत, म्हणून त्याचा दोष मला दुप्पट वाटतो.

कापूसकोंड्या

मास्तरांना दुजोरा, आणि थोडं अवांतर पण आपल्याशी थेट जोडलेलं.

ते युद्ध पेटलं आणि अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला. मग सगळी नजर वळली मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हा त्या तेजीचा राजा. बॅकबेमध्ये भराव घालायच्या कंपनीच्या शेअरवर अख्खं शहर सट्टा खेळत होतं. १८६५ मध्ये ली शरण आल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बे बुडाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण बघतो तो याच प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने.

शहराचं लोकांना माहीत असतं, शेतकऱ्याचं नसतं. तेजीत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिलं, सरकारने पुढे शेतसारा वाढवला, आणि भाव पडल्यावर दोन्ही ओझी एकाच डोक्यावर आली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं बाहेर काढून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून जे आपण शाळेत शिकलो त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. वॉशिंग्टनमधल्या एका माणसाने चार वर्षं आगीत तेल ओतलं, त्याची धग सुप्यापर्यंत पोचली.

शेवंती

मास्तर, ब्यूकॅननचा पाढा खरा आहे, त्यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. फरक इतकाच की त्याच्यानंतर लिंकन आला. युद्ध भयंकर झालं, पण त्यातून गुलामगिरी संपली. जॉन्सननंतर ग्रँट आला आणि त्याने मनापासून प्रयत्न केले, तरी एकदा मळेवाल्यांना परत मिळालेली जमीन काळ्या कुटुंबांकडे काही आली नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या मताला धमकावणं सोपं जातं. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ उजाडलं. शंभर वर्षं!

कापूसकोंड्या, सुप्याचा संदर्भ फार मोलाचा. धन्यवाद.

रानवारा

तुम्ही दोघंही १८५० नंतरच बघताय. माझ्या यादीत सगळ्यात खाली अँड्र्यू जॅक्सन. तोच, ज्याचा चेहरा २० डॉलरच्या नोटेवर आहे.

१८३० चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट त्याने स्वतः रेटून नेला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मूळ जमातींनी जमीन सोडून पश्चिमेला जायचं. चॉक्टॉ आधी गेले, ऐन थंडीत. चेरोकी मात्र कोर्टात लढले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. जॅक्सनने जॉर्जियाला आवरलं नाही. १८३५ मध्ये एका छोट्या गटाकडून करारावर सह्या घेतल्या, चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस त्याला कडाडून विरोध करत होता. सिनेटमध्ये तो करार जेमतेम एका मताने तरला. १८३८ मध्ये सैन्याने लोकांना घरांतून उचललं आणि छावण्यांत कोंडलं. त्या वाटेवर सुमारे ४,००० माणसं मेली. तेव्हा खुर्चीवर मार्टिन व्हॅन ब्युरेन होता, पण ताट वाढून ठेवलं होतं जॅक्सनने.

सी-स्पॅनच्या यादीत हा माणूस कधीच तळाला नसतो. मतदानाचा हक्क सामान्य गोऱ्या पुरुषापर्यंत नेल्याचे, बँकेशी लढल्याचे गुण त्याला मिळतात. चेरोकींना विचारून यादी केली असती तर?

अटलांटाकर

रानवारा, मी जॉर्जियात राहते. कॅल्हूनजवळ न्यू एकोटा आहे, चेरोकींची त्या वेळची राजधानी. आता ते राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे, कोर्टाची आणि छापखान्याची इमारत पुन्हा उभी केली आहे. अटलांटाहून मुलांना घेऊन सहज जाऊन येता येतं, इकडच्या सगळ्या मराठी मंडळींनी जावं.

तो छापखाना नीट बघा. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली, तिचे खिळे पाडले गेले आणि १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' वर्तमानपत्र निघालं. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात चेरोकी. मला तिथे उभं राहून बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' आठवलं. तेही १८३२ चं, तेही दोन रकान्यांचं, एकीकडे मराठी आणि एकीकडे इंग्रजी. चार वर्षांचं अंतर. दर्पणानंतर मराठीत वर्तमानपत्रांची रीघ लागली. इकडे १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी चेरोकींचा छापखाना जप्त केला. 'रानटी लोकांना त्यांच्या भल्यासाठी हलवतोय' असं जे तेव्हा सांगितलं जात होतं, त्याला हे खिळेच उत्तर आहेत. या लोकांकडे लिखित घटना होती, न्यायालय होतं, वर्तमानपत्र होतं.

म्हणून माझं मतही जॅक्सनला. जॉन्सन दुसरा.

गोदाकाठ

निक्सन राहिला की! तो हयात नाही, म्हणजे नियमात बसतो.

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले आमच्या पिढीला लख्ख आठवतात. त्याच दिवसांत निक्सनने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. पण माझा राग त्यावर नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला तार केली होती: इथे जे चाललंय त्यावर आपलं सरकार गप्प बसलंय, हे नैतिक दिवाळं आहे. स्वतःच्याच अधिकाऱ्यांचं म्हणणं कानाआड करून निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या लष्करशहा याह्याखानच्या पाठीशी उभे राहिले, कारण याह्यामार्फत चीनचं दार उघडायचं होतं. किसिंजर जुलैत पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेला. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ब्लड यांची बदली झाली.

वॉटरगेटचं सगळे बोलतात. माझ्या लेखी वॉटरगेट हा त्याचा धाकटा गुन्हा.

निवृत्त मास्तर

गोदाकाठ काका, १९७१ बद्दल शंभर टक्के सहमत. पण पूर्ण कारकिर्दीचा हिशोब करताना पर्यावरण संरक्षण संस्था, स्वच्छ हवेचा कायदा, चीनशी संबंध हेही त्याच्याच खात्यावर जमा होतं. आणि पापाचा घडा भरल्यावर त्याला ९ ऑगस्ट १९७४ ला राजीनामा द्यावा लागला, म्हणजे तिथल्या संस्थांनी आपलं काम केलं. मी त्याला खालच्या दहांत ठेवीन, तळाला नाही.

हार्डिंगबद्दल दोन ओळी. १९४८ च्या यादीत तो शेवटचा होता. टीपॉट डोमच्या तेलसाठ्यांच्या लाचखोरीत त्याचा मंत्री आल्बर्ट फॉल तुरुंगात गेला, हे खरं. पण याच हार्डिंगने १९२१ मध्ये अलाबामात, बर्मिंगहॅमला, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या जमावासमोर उभं राहून काळ्यांना राजकीय समानता द्या असं सांगितलं. त्या काळात त्या राज्यात हे बोलायला छाती लागते. पैसे खाणारे मंत्री नेमणं आणि माणसांना पुन्हा जोखडाला जुंपणं यांना एका तराजूत घालू नये.

शेवंती

मास्तर, १९४८ ची यादी काढलीत ते बरं झालं, मला तेच लिहायचं होतं. त्या यादीत एकूण २९ जण होते. ग्रँट २८ वा. जॉन्सन १९ वा, म्हणजे 'साधारण' गटात! सी-स्पॅनच्या २००० च्या यादीत ग्रँट ३३ वा होता, २०२१ मध्ये २० वा झाला. जॉन्सन खाली घसरला. कागदपत्रं तीच होती. बदललं ते हे की कोणाची हानी मोजायची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग इतिहास शिकवत. युद्धानंतर काळ्यांना हक्क दिले हीच मोठी चूक होती, असं त्यांच्या परंपरेचं म्हणणं. शाळकरी पुस्तकांपर्यंत तेच झिरपलं. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून त्याचा प्रतिवाद केला, पण बड्या विद्यापीठांनी त्यांचं म्हणणं मनावर घ्यायला १९६० चं दशक उजाडलं.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ त्याच कोलंबियात होते. आणि ते न्यूयॉर्कला उतरले त्याच वर्षी वुड्रो विल्सनच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. टेबलं वेगळी, जेवायची खोली वेगळी, संडास वेगळे. पुढच्या वर्षी नोकरीच्या अर्जाला फोटो सक्तीचा केला. विल्यम मन्रो ट्रॉटर हा काळा संपादक १९१४ मध्ये जाब विचारायला गेला, तर विल्सनने त्याला व्हाइट हाऊसबाहेर काढलं. हा विल्सन १९४८ च्या यादीत चौथा होता, वरून चौथा. सी-स्पॅनच्या २०२१ च्या यादीत तो १३ वा होता. माझ्या मते अजून बराच खाली यायला हवा.

आणि जोतीराव फुले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलेली आहे, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. तेव्हा ग्रँट राष्ट्राध्यक्ष होता, त्याने क्लू क्लक्स क्लानला कायद्याने आणि सैन्याने नुकतंच मोडून काढलं होतं. जोतीरावांना पुण्यात बसून जे भव्य दिसलं ते खोटं नव्हतं, ते घडतच होतं. ते अर्ध्यावर तुटलं, आणि तुटायची सुरुवात जॉन्सनने केली होती. म्हणून माझा राग त्याच्यावर ब्यूकॅननपेक्षा जास्त आहे.

रानवारा

शेवंती, कोणाची हानी मोजायची हा मुद्दा पटला. पण त्याच न्यायाने जॅक्सन खाली जायला हवा ना? चेरोकींनाही जमीन परत मिळाली नाही.

शेवंती

जायलाच हवा. माझ्या यादीत तो तळापासून तिसरा आहे, पियर्सच्याही खाली. जॉन्सनला त्याच्या खाली ठेवते ते एवढ्यासाठी: जॅक्सनच्या वेळी बहुसंख्य गोरे मतदार, जॉर्जिया राज्य आणि काँग्रेसचं बहुमत त्याच्या बाजूला होतं. जॉन्सनच्या वेळी काँग्रेसचं दोन तृतीयांश बहुमत न्यायाच्या बाजूला होतं, सैन्य हाताशी होतं, कायदा तयार होता. त्याने एकट्याने आडवं पडून न्याय अडवला.

अटलांटाकर

मग १८६८ मध्ये महाभियोगातून तो सुटला कसा? एवढं बहुमत असताना?

निवृत्त मास्तर

३५ विरुद्ध १९. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं. आरोपपत्र मुख्यतः युद्धमंत्री स्टँटनला बेकायदा काढल्याबद्दल होतं. एडिस्टोच्या जमिनीबद्दल त्यात काही नव्हतं, मेंफिसबद्दल नव्हतं. कार्यकाळ संपतच आला होता, आणि जॉन्सन गेला असता तर सिनेटचा हंगामी अध्यक्ष बेन वेड खुर्चीवर आला असता. तो स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेणारा, कडवा सुधारक. काही रिपब्लिकनांना तो जॉन्सनपेक्षा जास्त नको होता.

माझं मत तरीही ब्यूकॅननलाच. शेवंतीताईंनी रदरफोर्ड हेझबद्दल काहीच लिहिलं नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतून सैन्य काढून घेणाऱ्याला यादीत जागा नाही का?

शेवंती

आहे, पण तळाला नाही. १८७७ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना या दोनच राज्यांच्या विधानभवनांशी सैनिक उरले होते, बाकी ठिकाणचा आधार त्याआधीच सुटला होता. कनिष्ठ सभागृह डेमोक्रॅटांच्या ताब्यात होतं आणि ते सैन्याचा खर्च मंजूर करायला तयार नव्हतं. हेझने दक्षिणेच्या पुढाऱ्यांकडून काळ्यांचे हक्क राखायचं वचन घेतलं आणि त्यावर विश्वास ठेवला. त्या वचनाला कुणी जागलं नाही. त्याला मी खालच्या दहांत घालते, फिलमोरच्या शेजारी. फिलमोरने १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत द्यायच्या कायद्यावर सही केली होती. पियर्सवर सविस्तर कोणी लिहिणार असेल तर कॅन्सस-नेब्रास्का कायद्यापासून सुरुवात करा, मास्तरांनी सांगितलेलं कॅन्ससचं सगळं प्रकरण त्याच्याच सहीने सुरू झालं होतं.